अद्भुत डेम्लो संख्या

कल्याणाहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे ठाकुर्ली मागें पडून डोंबिवलीचें स्थानक येतें. या स्थानकावर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या अगणित माणसांपैकीं फारच थोड्यांना हें ठाऊक असेल कीं, त्याचें एक जुनें नांव गणितशास्त्राच्या ग्रंथांतहि नोंदलें गेलें आहे. मुंबईपासून सुमारें तीस मैलांवरील या स्थानकाचें तें नांव 'डेम्लो' असें होतें. तेव्हांच्या जी. आय. पी. रेल्वेच्या या स्थानकावर एका मराठी गृहस्थांच्या मनांत कांहीं विशिष्ट संख्यांचा अभ्यास करावा असें आलें, आणि त्या संख्यांना त्यांनीं 'डेम्लो संख्या' असेंच नांव देऊन टाकलें. त्या कुळांतील सर्वांत डौलदार संख्या अशी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून एकेक पायरी चढत नवापर्यंत जावें आणि पुन्हां एकेक पायरी उतरत एकावर यावें, असें हिचें रूप आहे. डावीकडून वाचा कीं उजवीकडून वाचा, ती एकच. ही कोणी हौसेनें घातलेली अंकांची रांगोळी आहे, कीं तिच्या पोटांत कांहीं गणित आहे, हें आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणार आहों. जवळ कागद-पेन्सिल घेऊन वाचल्यास अधिक आनंद होईल. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि 'हातचा' यांपलीकडे कांहींएक लागणार नाहीं.

प्रथम या संख्यांच्या नामकर्त्यांची ओळख करून देणें उचित होय. श्री. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म ता. १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. डहाणू तेव्हां आपल्या ठाणें जिल्ह्यांत होतें; २०१४ सालीं पालघर हा निराळा जिल्हा झाल्यापासून तें त्यांत मोडतें. कापरेकरांचें माध्यमिक शिक्षण ठाण्यास व पुढचें शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत झालें. १९२७ सालीं त्यांना स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें, १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं नाशिकजवळच्या देवळाली येथें शाळेंत शिक्षकाचें काम केलें. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. मुलांना शिकवून उरलेल्या वेळांत अंकांची संगत करावी, हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग होता.

आतां संख्येकडे वळूं. सतरा अंकी संख्या वाचावयाची कशी, हाच पहिला प्रश्न. लक्ष-कोटींचा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. परंतु आपल्या पूर्वजांनीं त्याच्या पुष्कळ पुढच्या स्थानांनाहि नांवें देऊन ठेविलीं आहेत. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं 'लीलावती'मध्यें एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं सतरावें स्थान 'मध्य' हें होय. त्या नांवांनीं आमची संख्या अशी वाचतां येईल : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पांच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटि, आठ कोटि, सात दशलक्ष, सहा लक्ष, पांच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतें, दोन दशक आणि एक. म्हणजे परार्धाच्या महाद्वारापासून ही संख्या अवघी एक पायरी खालीं उभी आहे.

एवढी मोठी संख्या जन्मली कोठून? तिचा जन्म अगदीं साध्या घरांतला आहे. नुसते एक मांडीत जावें आणि त्या संख्येला तिनेंच गुणावें :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

याप्रमाणें वाढत गेलें म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग आमची ही संख्या होते. असें कां व्हावें, हें शाळेंतल्या मांडणीनें गुणाकार केला असतां डोळ्यांना दिसतें. १११ ला १११ नें गुणतांना आपण तीन ओळी लिहितों, आणि प्रत्येक ओळ आधींच्या ओळीपेक्षां एक घर डावीकडे सरकवितों. प्रत्येक ओळींत तीन एकच असतात. मग उजव्या टोकाच्या घरांत केवळ पहिल्या ओळीचा एक येतो. दुसऱ्या घरांत दोन ओळींचे दोन. तिसऱ्या घरांत तिन्ही ओळींचे तीन. त्यापुढें पहिली ओळ संपते म्हणून दोन, आणि शेवटीं तिसरी ओळ तेवढी उरते म्हणून एक. बेरीज १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारांत अशाच नऊ ओळी येतात. त्या सतरा घरें व्यापतात, आणि बरोबर मधल्या घरांत नवांच्या नऊ ओळी एकत्र येतात. कोणत्याहि घरांतली बेरीज नवाच्या पुढें जात नाहीं, म्हणून हातचा कोठेंच येत नाहीं, आणि चढ-उतार जशीच्या तशी उमटते.

एवढें कळलें कीं आणखी दोन गोष्टी आपोआप हातीं येतात. पहिली अशी कीं, या संख्येंतील सर्व अंकांची बेरीज ८१ भरते. ती तशी भरलीच पाहिजे. कारण नऊ ओळींत प्रत्येकीं नऊ असे ८१ एकच आपण घरांघरांतून वांटले, त्यांतला एकहि हरवला नाहीं. याच न्यायानें १२१ च्या अंकांची बेरीज ४, १२३२१ ची ९ व १२३४३२१ ची १६ होते. दुसरी गोष्ट अशी कीं, मधला नऊ बाजूस ठेवून डावीकडचे आठ अंक व उजवीकडचे आठ अंक यांची बेरीज घेतली तर

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

म्हणजे मधल्या अंकाचीच पुनरावृत्ति होते. कारण डावा भाग एकेक पायरी चढतो तेव्हां उजवा तितकाच उतरतो. प्रत्येक जोडीची बेरीज नवावर स्थिर राहते.

या दुसऱ्या गोष्टींतच कापरेकरांच्या कल्पनेचें बीज आहे. संख्येचे तीन भाग पाडावे. डाव्या व उजव्या भागांत सारखेच अंक असावे. त्या दोहोंच्या बेरजेंत एकच अंक पुनःपुन्हां यावा, आणि मधला भागहि त्याच अंकाचा झालेला असावा. अशा संख्येला त्यांनीं डेम्लो संख्या म्हटलें. २३ ला ११ नें गुणलें तर २५३ येतात, १११ नें गुणलें तर २५५३, व ११११ नें गुणलें तर २५५५३. डावीकडे दोन, उजवीकडे तीन, आणि मध्यें त्यांची बेरीज पांच, हवे तितके वेळां. पैकीं एकांच्या वर्गांतून निघणाऱ्या, १२१ पासून आरंभ होणाऱ्या संख्यांना 'अद्भुत' हें विशेषण लाभलें. १९३९ सालीं कापरेकर व के. आर. गुंजीकर या दोघांचा या संख्यांच्या उपपत्तीवरील निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. अशा संख्यांचें सौंदर्य आपल्याकडे फार पूर्वींच लक्षांत आलें होतें. इ. स. ८५० च्या सुमारास, ज्यांचें राज्य महाराष्ट्रावरहि होतें त्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळांत, महावीराचार्य नांवाच्या जैन गणितज्ञांनीं 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचिला. त्यांत १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी व मग क्रमानें उतरणारी, अशा अर्थाच्या शब्दांनीं सांगितली आहे. २७९९४६८१ ला ४४१ नें गुणलें असतां ती येते. दोन्ही टोकांकडून सारख्या दिसणाऱ्या अशा संख्यांना त्यांनीं गळ्यांतल्या हाराची उपमा दिली. म्हणजे हार जुनाच आहे. कापरेकरांनीं तो नुसता पाहून ठेवून दिला नाहीं. त्याच्या मण्यांमधून जाणारा धागा कोणता, आणि त्याच धाग्याचे आणखी किती हार होतील, हें त्यांनीं शोधलें.

आतां या निबंधांतील सर्वांत महत्त्वाच्या स्थळाकडे आम्ही वाचकांना नेतों. एका एकापासून नऊ एकांपर्यंत नऊ वेळां आपण वर्ग केला आणि नऊहि वेळां चढ-उतार बिनचूक निघाली. मग दहा एकांच्या वर्गांतहि ती निघेल असें धरून चालावें काय? पुष्कळ विद्यार्थी तसें धरून चालतील. नऊ उदाहरणें जुळल्यावर दहाव्याची शंका कोण घेतो? परंतु दहा एकांचा वर्ग असा आहे :

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवा भाग ठीक आहे. डावीकडे मात्र आठ नाहींसा झाला आणि मध्यें दोन शून्यें आलीं. याचें कारणहि त्याच मांडणींत आहे. मधल्या घरांत आतां दहा एक आले. दहाला एका घरांत जागा नाहीं. म्हणून शून्य मांडून एक हातचा डावीकडे द्यावा लागला. तेथें नऊ होते, त्यांचे दहा झाले. तेथेंहि शून्य मांडून हातचा पुढें गेला. त्याच्याहि डावीकडे आठ होते, त्यांचे नऊ झाले, आणि तेथें हातचा विसावला. आठ हरवला नाहीं. तो नऊ झाला. अंकांच्या बेरजेनेंहि याची साक्ष पटते. एकंदर शंभर एक वांटले होते. पण उत्तरांतील अंकांची बेरीज ८२ आहे. हातचा घेतांना दहा जाऊन एक येतो, म्हणजे प्रत्येक हातच्यास नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून घट अठरा. जुने पंतोजी गुणाकार तपासण्यासाठीं नवाचा ताळा पाहात, त्याचेंहि मर्म हेंच : हातच्यानें अंकांची बेरीज बदलते खरी, पण ती नवांच्याच पटींत बदलते.

तर मग दहाव्या पायरीवर सगळें सौंदर्य लयास गेलें काय? तसेंहि नाहीं. या उत्तराच्या उजवीकडून दहा अंक मोजून तेथें रेघ मारा. डावीकडे १२३४५६७९० राहतात, उजवीकडे ०९८७६५४३२१. यांची बेरीज करा :

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

ज्या दहा एकांचा आपण वर्ग केला तेच दहा एक परत आले! ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग पाडून बेरीज केली असतां मूळ संख्या परत मिळते तिला आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. कारण त्या संख्यांचाहि अभ्यास प्रथम कापरेकरांनींच केला. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. डेम्लोची चढ-उतार जेथें मोडली, तेथें कापरेकरांचाच दुसरा नियम उभा आहे.

याचें कारणहि चौकस विद्यार्थ्यास समजण्याजोगें आहे. दहा एकांच्या संख्येंतून एक वजा करून नवानें भागलें तर १२३४५६७९० हा भागाकार येतो. म्हणून दहा एकांची संख्या म्हणजे या भागाकाराची नऊपट अधिक एक. तिला पुन्हां दहा एकांनीं गुणावयाचें. पण दहा एकांची नऊपट म्हणजे दहा नऊ, आणि दहा नऊ म्हणजे एकावर दहा शून्यांत एक कमी. तेव्हां वर्गांत त्या भागाकारापुढें दहा शून्यें येतात, त्यांतून तो भागाकार एकदां वजा होतो, आणि दहा एक मिळवावे लागतात. सारांश, डाव्या भागांत तो भागाकार, आणि उजव्या भागांत दहा एकांतून तोच भागाकार वजा केलेला. मग दोन्ही भाग मिळविले असतां दहा एकच उरणार, दुसरें काय होणार?

येथवर आपण अंकांचें रूप पाहिलें. परंतु संख्येचें रूप निराळें आणि संख्येचा स्वभाव निराळा, हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. आपण दहांच्या गटांनीं मोजतों म्हणून चढ नवापर्यंत टिकली. बारांच्या गटांनीं मोजणारे आणि त्यासाठीं दोन चिन्हें अधिक वापरणारे लोक असते, तर त्यांची चढ अकरापर्यंत पोंचली असती. तें रूप लिहिण्याच्या रीतीचें देणें आहे. उलट, आमच्या संख्येचे मूळ अवयव कोणत्याहि रीतीनें लिहिले तरी बदलत नाहींत. १११११११११ ला नवानें भागलें कीं १२३४५६७९ येतात, आणि ही संख्या ३७ व ३३३६६७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. म्हणून आमच्या सतरा अंकी संख्येंत तीन चार वेळां, सदतीस दोन वेळां व ३३३६६७ दोन वेळां अवयव म्हणून आले आहेत. यावरून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या पांच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५ आहेत. हा आंकडा विषम आहे, आणि तो विषमच असावयाचा. कारण भाजक जोडीजोडीनें येतात, आणि पूर्ण वर्गाचें मूळ तेवढें स्वतःचीच जोडी असतें. आतां ४५ ही कापरेकर संख्याहि आहे, हें कोणी चतुर विद्यार्थी दाखवून देईल. तो मात्र निव्वळ योगायोग होय. कारण सांपडतें तेथें नियम म्हणावा, आणि सांपडत नाहीं तेथें योगायोगावर थांबावें, हेंहि गणितच शिकवितें.

'याचा उपयोग काय?' असें आमचे कांहीं पालक विचारतील, आणि तें विचारणें गैर नाहीं. कापरेकरांनाहि तें ऐकावें लागलें असेल. कित्येक जाणत्या गणितज्ञांनीं त्यांच्या या व्यासंगाची फारशी किंमत केली नाहीं, व आपलें बरेंचसें लेखन त्यांना लहान पुस्तिकांच्या रूपानें स्वतःच प्रसिद्ध करावें लागलें. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं ६१७४ या संख्येचा शोध मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हां हीच क्रिया करीत जावें; सात वेळांच्या आंत-बाहेर नव्हे, तर फार झालें तर सातव्या वेळीं ६१७४ येतातच. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या लोकप्रिय सदरांत कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. तोंवर त्यांना शिक्षकाच्या कामावरून निवृत्त होऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं. १९८६ सालीं ते निवर्तले.

या संख्येनें कोणाच्या घरीं धान्य येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु नऊ वेळां जें खरें ठरलें तें दहाव्या वेळींहि खरेंच असेल, असें न पडताळतां मानणें ही चूक व्यवहारांतहि माणसाला महाग पडते; बाजारांत पडते, न्यायसभेंत पडते, औषधाच्या परीक्षेंत तर प्राणावर बेतते. ती चूक टाळण्याचा अभ्यास बिनखर्चानें, कोणासहि इजा न होतां, जर कोठें करतां येत असेल तर तो अंकांच्या पाटीवर. मुलगा एखादें गणित 'उगीच' करीत बसलेला दिसला, तर पालकांनीं त्याला लगेच उठवूं नये, एवढीच आमची विनंति आहे. देवळालीच्या त्या शिक्षकांनींहि असेंच पुष्कळ 'उगीच' केलें होतें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठीं सुटीचें काम. अकरा एकांच्या संख्येचा वर्ग हातानें करा. आठ कोठें गेला तें पाहा. मग उजवीकडून अकरा अंक मोजून रेघ मारा, दोन्ही भागांची बेरीज करा, आणि जें उत्तर येईल त्याचें कारण शोधा. उत्तर पाहून तुम्हांस नवल वाटेल. कारण सांपडलें म्हणजे त्याहून मोठा आनंद होईल.